सोलापुरात स्वतंत्रपणे रिटर्न भरून देताना: पार्टी दारात आल्यापासून नोटीस मिटेपर्यंत

सोलापुरात आयकर रिटर्न भरून देणारे सगळेच काही सीए नसतात. बी.कॉम. झालेला, एखाद्या सीएकडे किंवा टॅक्स वकिलाकडे काही हंगाम काढलेला, आणि मग नवी पेठेत, अशोक चौकात किंवा घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलेला करसल्लागार शहरात जागोजागी सापडतो. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि पुढच्या हंगामात असं टेबल टाकायच्या विचारात असलेल्यांसाठीही.

सॉफ्टवेअर शिकायला फार वेळ लागत नाही. धंदा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. पार्टी, म्हणजे आपलं गिऱ्हाईक, तोंडी सांगते, आपण टाइप करतो, आणि दोन वर्षांनी नोटीस आली की तीच पार्टी म्हणते, "मला त्यातलं काय कळतंय? साहेबांनी भरलं." आपल्या पाठीशी फर्म नाही, भागीदार नाही. त्यामुळे कोणी काय सांगितलं याचा कागद आपल्या फायलीत असणं हेच आपलं भांडवल. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच सांगितली आहे.

आधी स्वतःची हद्द ओळखा

दुसऱ्याचं विवरणपत्र तयार करून द्यायला कुठलंही लायसन लागत नाही. मात्र आयकर अधिकाऱ्यापुढे पार्टीच्या वतीने उभं राहायचं असेल तर कायद्याच्या भाषेत 'अधिकृत प्रतिनिधी' असावं लागतं: सीए, वकील, किंवा आयकर व्यवसायी म्हणजे आयटीपी. कॉमर्स किंवा कायद्याची पदवी असेल तर आयटीपी म्हणून नोंदणीचा मार्ग खुला आहे. पदवी कपाटात ठेवून नुसतंच टाइप करत बसणाऱ्यांनी तो जरूर बघावा. जीएसटीचं काम घेणार असाल तर जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी वेगळी: पीसीटी-०१ अर्ज, पीसीटी-०२ प्रमाणपत्र, आणि नासीन या सरकारी कर-प्रशिक्षण संस्थेची परीक्षा.

टॅक्स ऑडिटवर सही फक्त सीएची चालते. व्यवसायाची उलाढाल एक कोटीच्या वर गेली (रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर दहा कोटी) की ते काम ओळखीच्या सीएकडे पाठवायचं. असा एक सीए आणि एक कर-वकील आधीच ठरवून ठेवा. अडचण आली की मग शोधू, असं म्हणणाऱ्याला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणी फोन उचलत नाही. आणि पाटीवर 'कर सल्लागार' लिहा. सीए असल्याचा भास होईल असं काहीही लिहू नका.

पहिली भेट: कागद आधी, आकडा नंतर

नव्या पार्टीला पहिल्याच दिवशी "किती रिफंड येईल?" याचं उत्तर देऊ नका. तिला व्हॉट्सअॅपवर एक साधा मेसेज पाठवा. असा काहीसा:

"नमस्कार. रिटर्नसाठी पुढील कागद पाठवावेत: १) पॅन, आधार. २) सर्व बँका व पतसंस्थांचे १ एप्रिल ते ३१ मार्चचे उतारे, बंद खात्यांसह. ३) नोकरी असल्यास फॉर्म १६. ४) व्यवसाय असल्यास वर्षाची एकूण विक्री, त्यात रोख किती व बँकेतून किती. ५) शेती असल्यास सातबारा, विक्रीच्या पट्ट्या किंवा ऊसबिल. ६) यंदा जमीन, घर, प्लॉट, सोने किंवा शेअर विकले का? ७) वजावटी हव्या असल्यास त्यांच्या पावत्या. पावती नसेल तर वजावट धरली जाणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढची निम्मी भांडणं त्यानेच मिटतात.

कागद आले की एका पानाचं संमतीपत्र सही करून घ्या: मी दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे, हिशोबाचा मसुदा मला दाखवला आहे, अमुक वजावटींच्या पावत्या दिल्या आहेत, फी इतकी ठरली आहे. भाषा मराठी. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पार्टीला मराठी वाचणं जड जात असेल, तर घरातल्या वाचू शकणाऱ्या माणसासमोर वाचून दाखवा आणि त्याचीही सही घ्या.

त्याच बैठकीत नावं जुळवून बघा. इथे हा प्रश्न भलताच येतो. पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत नुसती आद्याक्षरं. रिफंडसाठी बँक खातं आयकर पोर्टलवर प्रमाणित झालेलं लागतं आणि नाव जुळलं नाही की तिथेच गाडी अडते. हे एप्रिल-मेमध्ये दुरुस्त होऊ शकतं. जुलैमध्ये होत नाही.

पासवर्ड, ओटीपी आणि ईमेल

पोर्टलवर संपर्काच्या मुख्य रकान्यात पार्टीचाच मोबाईल आणि पार्टीचाच ईमेल हवा. आपला नंबर दुय्यम रकान्यात टाकता येतो. सगळ्यांना स्वतःचा एकच ईमेल लावून टाकण्याची सवय सोयीची असते, पण १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली, तेव्हा नेमकी हीच पद्धत विभागाच्या निवेदनात आली: रिटर्न भरणाऱ्यांनी घाऊक कामापुरते ईमेल काढले, नंतर सोडून दिले, आणि नोटिसा न वाचता पडून राहिल्या. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी बाहेरून चित्र तेच दिसतं.

वयस्कर पार्टीचा मोबाईल बहुतेक वेळा पुण्यातल्या मुलाकडे असतो. दुपारी तो मीटिंगमध्ये असतो आणि ओटीपी मिळेपर्यंत त्याची मुदत संपते. अशा पार्ट्यांची वेगळी यादी करा आणि त्यांचं काम संध्याकाळी किंवा रविवारी लावा. आषाढीच्या आठवड्यात वारीला गेलेल्या पार्टीकडून ओटीपीची अपेक्षा धरू नका. त्यांचं आधीच उरकून घ्यावं.

पासवर्ड कुलूपबंद वहीत किंवा पासवर्डने बंद केलेल्या फायलीत ठेवा. मदतनीस मुलगा काम सोडून गेला की त्या दिवशी पासवर्ड बदला.

एआयएस पार्टीच्या आधी बोलतो

कागद पाहण्याआधी लॉगिन करून एआयएस (विभागाकडे आलेल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी), टीआयएस (तिचा गोषवारा) आणि २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) उतरवून घ्या. मग पार्टीला समोर बसवून एकेक ओळ विचारा. "ही साडेचार लाखांची रोख भरणा कुठून आली?" हा प्रश्न आपण विचारलेला बरा, अधिकाऱ्याने विचारण्यापेक्षा. एखादी नोंद चुकीची किंवा दुसऱ्याचीच असेल तर एआयएसमध्येच अभिप्राय नोंदवा आणि त्याची प्रत फायलीत लावा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. एआयएसमध्ये नाही म्हणजे करमुक्त, असं होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. पार्टी म्हणते, "तिथे टीडीएस कापत नाहीत, मग दाखवायचं कशाला?" दाखवायचं. ती दाखवायला तयार नसेल तर ते काम आपलं नाही.

सोलापूरच्या पार्ट्या, त्यांचे वेगवेगळे पेच

*यंत्रमागवाला.* पहिला प्रश्न: सूत कोणाचं? सूत मालकाचं आणि माग आपला असेल तर तो जॉबवर्कवाला. त्याची उलाढाल म्हणजे मजुरीची रक्कम, कापडाची किंमत नव्हे. मालकाने १९४सी (ठेक्याच्या रकमेतून कर कापण्याचं कलम) खाली एक टक्का कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतो आणि त्याच आकड्यावरून उलाढाल जुळते. स्वतःचं सूत घेऊन टॉवेल, चादर विकत असेल तर पूर्ण विक्री उलाढालीत येते. दोघांनाही ४४एडी, म्हणजे वह्या न ठेवता उलाढालीवर अंदाजित नफा दाखवण्याचं कलम, चालतं: बँकेतून आलेल्या रकमेवर किमान सहा टक्के, रोखीवर आठ टक्के नफा. मर्यादा दोन कोटी, रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. जीएसटी नोंदणीची मर्यादा मात्र दोघांची वेगळी: माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाख, जॉबवर्क ही सेवा असल्याने २० लाख. पाच टक्के जीएसटी लागणाऱ्या मजुरीवाल्याला ४० लाखांच्या भरवशावर ठेवलं, तर मागचा सगळा कर एकदम अंगावर येतो.

आकडा खरा वाटतो का हे तपासायला लाइटबिल मागा. आठ मागांचं वीजबिल आणि सांगितलेली मजुरी यांचं काही नातं दिसायला हवं.

तुमची पार्टी माल घेणारी, हिशोबाच्या वह्या ठेवणारी असेल तर ४३बी(एच) विसरू नका. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या गावात ही यादी फेब्रुवारीतच काढावी.

*अडत्या.* श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीतला कांद्याचा अडत्या आला की नवखा सल्लागार हमखास ४४एडी लावतो. कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या धंद्याला ते कलम लागूच नाही. त्याला आयटीआर-३, हिशोबाच्या वह्या, आणि प्रत्यक्ष नफा. ऑडिटसाठी उलाढाल कोणती धरायची हा पुढचा प्रश्न. १९८६ चं परिपत्रक क्रमांक ४५२ सांगतं की कच्च्या अडत्याची (शेतकऱ्याच्या जोखमीवर विकणाऱ्याची) उलाढाल म्हणजे फक्त त्याचं कमिशन. पक्क्या अडत्याची (स्वतःच्या जोखमीवर विकणाऱ्याची) मात्र पूर्ण विक्री. म्हणून विचारायचं ते एवढंच: माल कोणाच्या जोखमीवर विकला? भाव पडला तर तोटा शेतकऱ्याचा की तुमचा? उत्तर फायलीत लिहून घ्या आणि पट्ट्यांचे चार नमुने जोडा.

*ऊसतोडणी-वाहतूक ठेकेदार.* माढा, पंढरपूर, मोहोळकडचे ट्रॅक्टरवाले आणि मुकादम. कारखाना पूर्ण रकमेवर टीडीएस कापतो. २६एएसमध्ये १८ लाख दिसतात आणि १८ हजार कापलेले दिसतात, पण त्यातले बरेचसे पैसे टोळीला उचल आणि मजुरी म्हणून गेलेले असतात. पार्टीला वाटतं, रिफंड काढणं हे दोन मिनिटांचं काम. तसं नाही. कारखान्याकडून तोडणी, वाहतूक आणि कमिशन वेगवेगळं दाखवणारा हिशेब आणायला सांगा. कमिशन स्वतंत्र मिळत असेल तर ४४एडीचं दार बंद होऊ शकतं. वाहन स्वतःचं असेल तर वाहतुकीच्या भागाला ४४एई, म्हणजे मालवाहनांसाठीचं अंदाजित नफ्याचं कलम, लागतं का, ते आरसी बुक बघून ठरवा. मालट्रकला तिथे दरमहा ७,५०० रुपये, आणि १२ टनांवरच्या जड वाहनाला दर टनाला दरमहा १,००० रुपये उत्पन्न धरलं जातं. शिवाय हंगामाचा शेवटचा हिशेब एप्रिलनंतर होतो, तेव्हा टीडीएस कोणत्या वर्षात दिसतो आणि उत्पन्न कोणत्या वर्षात धरलं, हे जुळवूनच पुढे जा.

*नोकरी आणि शेती.* जिल्हा परिषदेचा शिक्षक, गावाकडे सांगोल्याला डाळिंब. त्याच्या डोक्यात दोन वाक्यं पक्की असतात: शेती करमुक्त, आणि १२ लाखांपर्यंत कर नाही. दोन्ही खरी, तरी एकत्र आली की गणित बदलतं, कारण कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न पगारात मिळवलं जातं. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली, ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन पगार ११ लाख आणि निव्वळ शेती उत्पन्न पाच लाख धरा. आधी १६ लाखांवरचा कर काढायचा: १,२०,०००. मग शेतीचे पाच आणि मूळ सवलतीचे चार, अशा नऊ लाखांवरचा: ३०,०००. फरक ९०,०००. त्यातून ८७ए ची जास्तीत जास्त सूट ६०,०००. उरले ३०,०००, त्यावर चार टक्के उपकर धरून ३१,२००. शेती नसती तर कर शून्य होता. हे गणित कागदावर मांडून दाखवा, नाहीतर "दुसरीकडे शून्य येतोय" म्हणत पार्टी निघून जाते. दुसरीकडे शून्य येतो, कारण तिथे शेती दाखवलेलीच नसते.

शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म चालत नाहीत. पाच लाखांच्या वर गेलं तर जमिनीचं क्षेत्र, जिल्हा, पिनकोड, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत, सगळं द्यावं लागतं. सातबाऱ्यावर ज्वारी आणि रिटर्नला डाळिंब, असं होऊ देऊ नका. ई-पीक पाहणीमुळे ती विसंगती आता सहज दिसते. दूध आणि कोंबड्यांचं उत्पन्न शेतीत येत नाही. रोपवाटिकेतल्या रोपांचं येतं.

शिक्षकांच्या थकबाकीबद्दल एवढंच: ८९ ची सवलत हवी तर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरा. नंतर भरून उपयोग नाही.

*जमीन विकलेला.* शेतजमीन 'ग्रामीण' असेल तर ती भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे नफ्यावर कर नाही. ग्रामीण कोणती, हे पालिकेच्या हद्दीपासूनच्या हवाई अंतरावर ठरतं, त्या अंतरापलीकडची ती ग्रामीण: लोकसंख्या १० हजार ते एक लाख असेल तर दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांना सहा, दहा लाखांच्या वर आठ. लोकसंख्या धरायची ती त्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीआधी आकडे जाहीर झालेल्या शेवटच्या जनगणनेची. २०११ ला सोलापूर ९,५१,५५८, म्हणजे दहा लाखांच्या आत. म्हणून आपल्याकडे सहा किलोमीटर. पंढरपूर तेव्हा लाखाच्या जरा खाली होतं, बार्शी लाखाच्या वर. पंढरपूरला दोन, बार्शीला सहा. नवीन जनगणनेचे आकडे जाहीर झाले की हे सगळं पुन्हा तपासावं लागेल, आणि सहा ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या जमिनीवाल्यांना ते आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. रस्त्याने किती किलोमीटर आहे हे सांगणाऱ्या पार्टीला परत पाठवा. हवाई अंतराचा लेखी पुरावा लागतो.

"लोनसाठी फाईल काढून द्या"

सोलापुरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. बँकेने तीन वर्षांची रिटर्न मागितली आहेत, एकही भरलेलं नाही, आणि सहा-सात लाख उत्पन्न दाखवायचं आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नसल्याने हा मोह वाढला आहे. फुगवलेल्या आकड्याला आता करही भरावा लागत नाही.

तरी आकडा फुगवू नका. तुम्ही दाखवलेली उलाढाल जीएसटी मर्यादेशी आणि बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिली जाते. आणि त्याच घरात दुसरे कागद असतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो. बँकेला सहा लाख आणि योजनेला दोन लाख, हे एकाच आधारशी जोडलेलं आहे, एवढं समजावलं की बरेच जण गप्प होतात.

यातून येणारा उलटा प्रश्नही ऐकाल: "रिटर्न भरलं तर योजना बंद होईल का?" रिटर्न भरणं आणि कर भरणं वेगळं. पीएम-किसानमधून वगळतात ते मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना. लाडकी बहीणमध्ये कुटुंबात आयकरदाता नसावा आणि उत्पन्नाची मर्यादा पाळलेली असावी. शून्य कराचं रिटर्न भरल्याने माणूस करदाता होत नाही, पण त्यात लिहिलेलं उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर ते लिहिलेलं आहेच.

मागच्या वर्षांसाठी आयटीआर-यू, म्हणजे मुदतीनंतर भरायचं अद्ययावत रिटर्न, आहे, १ एप्रिल २०२५ पासून कर निर्धारण वर्ष संपल्यावर ४८ महिन्यांपर्यंत. त्यावर उशिरानुसार २५, ५०, ६० किंवा ७० टक्के जादा कर लागतो. तो राहून गेलेलं उत्पन्न कबूल करण्यासाठी आहे. त्यातून रिफंड मिळत नाही, आणि एका दुपारी तीन वर्षांची फाईल उभी करायलाही त्याचा उपयोग करू नये. बँकेचा मॅनेजर भरल्याची तारीख वाचतो.

"रिफंड काढून द्या" हा याच वाक्याचा नोकरदार भाऊ. राजकीय पक्षाला देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेलं अपंगत्व. २०२५ च्या त्या कारवाईच्या वेळी विभागाने सांगितलं होतं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. चुकीच्या माहितीवरचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि खोटं विवरणपत्र भरायला मदत करणाऱ्यालाही तुरुंगाची तरतूद आहे. रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणारा माणूस या वाटेवर आपोआप जातो. म्हणून टक्केवारी कधीही घेऊ नका.

भरताना

नवी की जुनी प्रणाली, याची दोन्ही गणितं छापून पार्टीला दाखवा. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते. व्यवसायवाल्याला जुनीत जायचं असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए, आणि एकदा नवीत परतला की पुन्हा जुनी नाही, हे आधी सांगा. ४४एडी मधून बाहेर पडला तर पुढची पाच वर्षं ते बंद, हेही. अंदाजित नफ्यावर असलेल्यांचा संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. तेव्हा आठवण करून देणारा सल्लागार जुलैत आपोआप आठवतो.

सध्याची सर्वांत मोठी गफलत वर्षाच्या नावाची. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू. आधीच्या वर्षांची रिटर्न १९६१ च्या कायद्याखालीच. नव्या कायद्यात 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. परिणाम असा की कर निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चं उत्पन्न, आणि कर वर्ष २०२६-२७ म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षाचं. आकडे तेच, वर्षं दोन. चलन भरताना जुन्या वर्षाचा स्वयंनिर्धारण कर नव्या वर्षात पडला तर पार्टीच्या नावावर विनाकारण मागणी उभी राहते. चलन भरण्याआधी पार्टीला कोणत्या काळाचा कर आहे हे महिन्यांत लिहून पाठवा.

सबमिट केलं म्हणजे झालं, असं नाही. ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन हवं. उशीर झाला तर व्हेरिफिकेशनची तारीख हीच भरल्याची तारीख, आणि ती मुदतीनंतरची असेल तर पाच हजार, किंवा पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक हजार, विलंब शुल्क. भिंतीवर एक तक्ता लावा: नाव, भरल्याची तारीख, व्हेरिफाय, प्रोसेस, रिफंड. शेवटचा रकाना भरेपर्यंत फाईल खाली उतरवायची नाही.

मुदतवाढीवर विसंबू नका. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ ला ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस मिळाला. त्यामुळे पार्ट्यांना आता सवय लागली आहे: "वाढेल की हो." तुमची स्वतःची तारीख जाहीर करा. तिच्यानंतर कागद आणणाऱ्याला जादा फी, आणि ती खरोखर घ्या.

नोटीस आली

आधी ती खरी आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक, असतो आणि पोर्टलवर लॉगिन न करताही तो पडताळता येतो. लिंक पाठवून रिफंड मागायला लावणारा एसएमएस पार्टीने पाठवला तर "दाबू नका" एवढं लगेच कळवा.

मग प्रकार ओळखा. १४३(१) ची सूचना आली की बहुतेक पार्ट्या घाबरून येतात, पण ती हिशोबाची पावती असते. दोन रकाने शेजारी ठेवून फरक शोधायचा. चूक विभागाची असेल तर १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष: १५ दिवस. १४३(१)(ए) चा प्रस्तावित फेरफार: ३० दिवस. इथपर्यंत आपण सांभाळू शकतो. १४२(१) (माहिती मागवणं), १४३(२) (छाननी) किंवा १४८ (जुनं वर्ष पुन्हा उघडणं) दिसलं की ठरवलेल्या सीए किंवा वकिलाकडे त्याच दिवशी फाईल न्या आणि तसं पार्टीला लेखी कळवा. फेसलेस व्यवस्थेत समोर अधिकारी नसतो, पाठवलेला कागद हेच सगळं बोलणं. अर्धवट उत्तर एकदा अपलोड झालं की वकिलालाही ते निस्तरणं जड जातं.

फी

शेजारचा दोनशे रुपयांत भरतो, हे वाक्य रोज ऐकाल. त्याच्याशी स्पर्धा करू नका. फीचे तीन भाग करून सांगा: रिटर्नची, जादा कामाची (जमीन विक्री, शेअर, मागचं वर्ष), आणि नोटिशीच्या उत्तराची. निम्मी आधी. नातेवाईक आणि गल्लीतल्या ओळखीच्यांनाही दर तोच सांगावा, सूट द्यायची असेल तर बिलात सूट म्हणून दाखवावी. फुकट केलेल्या कामाची नोटीस आली की तेही फुकटच करावं लागतं. स्वतःची पावती द्या, स्वतःचं रिटर्न वेळेवर भरा, वार्षिक अडीच हजारांचा व्यवसाय कर ३० जूनच्या आत भरा, आणि उलाढाल २० लाखांच्या जवळ गेली की स्वतःच्या जीएसटीचा विचार करा.

पार्टी सोडायची असेल तर

खोटी पावती आणणारी, उत्पन्न लपवा म्हणणारी, किंवा तीन हंगाम फी थकवणारी पार्टी सोडताना वाद घालू नका. "यंदा आपलं काम घेणं शक्य होणार नाही" एवढा मेसेज, मुदतीला निदान तीन आठवडे असताना. तिचे मूळ कागद यादी करून परत द्या आणि यादीवर पोच घ्या. फी बाकी आहे म्हणून पॅनकार्ड अडवून ठेवू नका. पोर्टलवरून आपला दुय्यम नंबर काढा, तिच्याकडून पासवर्ड बदलून घ्या. संमतीपत्र, मसुदा, पावत्यांच्या प्रती आणि मेसेजची छापील पानं मात्र आपल्याकडेच राहू द्या, निदान आठ वर्षं. ज्या वर्षाची सही तुमच्याकडे आहे, त्या वर्षाबद्दलचा फोन कधीही येऊ शकतो, मग ती पार्टी आता कुणाकडेही जात असो.